हद्द झाली!

मराठी माणूस दिवसातून निदान दहा वेळा ‘हद्द झाली’ म्हणतो. दूधवाल्यानं दुधात नेहमीपेक्षा जास्त पाणी घातलं, हद्द झाली. उमरग्याची एस.टी. दीड तास आली नाही, हद्द झाली. जावयानं धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटाबरोबर वाट्याही मागितल्या, मग तर विचारूच नका. इतक्या वेळा इतक्या गोष्टींची हद्द होते. पण ही हद्द नेमकी असते कुठं, ती आखली कुणी, आणि तिच्या पलीकडे पाऊल पडलं की काय करायचं, याची चौकशी करायला कुणाला सवड नसते.

आम्हा लोहारेकरांना ती सवड काढायला हरकत नाही. हद्द हा आमचा पिढीजात विषय आहे. शेताचा बांधच घ्या. बांध ही जगातली एकमेव सरहद्द असावी, जी दर पेरणीआधी नांगराच्या फाळाबरोबर वीतभर सरकते आणि नेमकी शेजाऱ्याच्याच बाजूला सरकते. पोलिसांची हद्द त्याहून सूक्ष्म. ओढ्यात बेवारशी मोटारसायकल सापडली, तर ती या ठाण्याच्या हद्दीत की त्या ठाण्याच्या, हे ठरेपर्यंत तिची चाकं गेलेली असतात. आणि तडीपारी तर विचारू नका. गावगुंडाला जिल्ह्यातून तडीपार केलं, की तो शेजारच्या जिल्ह्यात पाहुण्यारावळ्यांकडे उतरतो आणि अंधार पडला की जेवायला घरी येतो. त्याची आई ताट वाढून ठेवते. आईला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

याहून मोठी गंमत पुढे आहे. समजा, 1930 साली लोहाऱ्यात एक मूल जन्मलं. ते जन्मलं निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं आणि तो भारतात आला. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. आणि आयुष्याची दोरी बळकट असेल, तर 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्हा सोडून धाराशिव जिल्ह्यात राहायला लागला. एवढा सगळा प्रवास या गृहस्थानं ओसरीवरचं घोंगडं न सोडता केला. त्याला कुणी व्हिसा दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही. अशा मुलखातल्या माणसानं सरहद्द या वस्तूकडे जरा मिस्कील नजरेनंच बघायला हवं. पण तसं होत नाही. सरहद्दीचा विषय निघाला, की आमच्याकडेही शिरा ताणल्या जातात.

तो विषय निघाला 2025 च्या फेब्रुवारीत. 5 तारखेला अमेरिकेचं एक लष्करी मालवाहू विमान अमृतसरला उतरलं. त्यातून 104 भारतीय माणसं उतरली. कागदपत्रांवाचून अमेरिकेत शिरलेली म्हणून तिथल्या सरकारनं परत धाडलेली. परत आलेल्यांनी सांगितलं, की सुमारे 40 तासांचा प्रवास हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या घालून झाला. त्यांच्या पावलांचं चित्रण अमेरिकेच्याच सीमा दलाच्या प्रमुखानं जगाला दाखवलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीत संसदेच्या आवारात काही विरोधी खासदारांनी हातांत बेड्या घालून निदर्शनं केली आणि राज्यसभेत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी निवेदन केलं.

तहसील कचेरीच्या आसपास चहाचं जे हॉटेल असतं, ते प्रत्येक तालुक्याचं सर्वोच्च न्यायालय असतं. इथं तारीख पडत नाही, निकाल लगेच लागतो आणि कोर्ट फी म्हणजे अर्धा कप चहा. आमच्या न्यायालयात त्या दिवशी पूर्ण पीठ हजर होतं. एक आडते, एक निवृत्त गुरुजी, एक मुद्रांक विक्रेते, आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण. हॉटेलमालक गल्ल्यावर बसून साक्षीदाराच्या भूमिकेत.

“बरं झालं!” आडत्यांनी निकालापासूनच सुरुवात केली. “कुनी सांगितलं हुतं चोरून जायाला? लोकाच्या घरात मागल्या दारानं शिरल्यावर ते काय आरती ओवाळतेत?”

“पण मालक, बेड्या?” मोबाइलवाला म्हणाला. “पायात साखळ्या? दरोडा घातला का त्यांनी?”

“मुळात गेलेच कशाला?” गुरुजी म्हणाले. “इथं काय कमी आहे?”

“गुरुजी, तुमच्याकडं पेन्शन हाय. त्यामुळं तुमाला कमी दिसंना.”

मी वर्तमानपत्र पुढं केलं. राज्यवार आकडे वाचून दाखवले. हरियाणा 33, गुजरात 33, पंजाब 30, आणि महाराष्ट्र 3. “तीनच?” आडते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात किंचित निराशा आली. आपला माणूस गुन्ह्यात सापडू नये असं वाटत असतं. पण यादीत अगदीच मागं पडावं असंही वाटत नसतं.

तर त्या दिवशी आमच्याकडे जे तीन पक्ष पडले, तेच मला पुढं सगळीकडे भेटले. ‘बरं झालं’ पक्ष, ‘बेड्या का’ पक्ष आणि ‘गेलेच कशाला’ पक्ष. तिन्ही पक्ष एकाच वेळी बोलत असल्यामुळे कोण कुणाला उत्तर देतोय ते कळत नाही. वास्तविक हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गेले ते चुकलं का? परत पाठवलं ते चुकलं का? आणि ज्या रीतीनं पाठवलं, ते चुकलं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला चिकटवलं, की मोठा घोटाळा होतो. आणि आपण तो हमखास करतो.

पहिला प्रश्न. परवानगीवाचून दुसऱ्याच्या देशात शिरणं ही चूक आहे. यात वाद नाही. पण चुकीला मोजमाप असतं. आमच्या त्या पूर्ण पीठाचंच बघा. पीठासमोर उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर तिघं बसून आले होते. समोरच्या टपरीला वीज येत होती ती तारेवर टाकलेल्या आकड्यातून. मुद्रांक विक्रेत्यांच्या घराचा ओटा रस्त्यात आला आहे, की रस्ता ओट्याखाली गेला आहे, याचा निवाडा अजून व्हायचाय. याचा अर्थ कायदा मोडणं चांगलं, असा नाही. पण या प्रत्येक गुन्ह्याला योग्य शिक्षा कोणती, असं विचारलं तर उत्तर येईल नोटीस, दंड, फार तर ‘समज देऊन सोडणे’. आकडा टाकणाऱ्याला साखळीनं बांधून 40 तास फिरवा, असं महावितरणचा साहेबसुद्धा म्हणणार नाही. आपली चूक असली की आपल्याला तिचं वजन बरोबर कळतं. ग्रॅमपर्यंत कळतं.

गुरुजींचा प्रश्न मात्र सोडून देण्यासारखा नव्हता. गेले कशाला? मी त्यांना आमच्याच भागाचा इतिहास सांगितला, म्हणजे त्यांनीच मला शाळेत शिकवलेला. 1947-48 मध्ये देश स्वतंत्र झाला होता आणि आपण अजून निजामाकडे होतो. रझाकारांच्या धाकानं या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं रातोरात हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यात गेली. एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात गेली. तेव्हा पलीकडच्या माणसांनी ‘कागद दाखवा’ म्हटलं असतं, तर त्यांनी काय दाखवलं असतं? तव्यावरची अर्धी भाकरी?

गुरुजी चिडले नाहीत. चांगले शिक्षक प्रश्नाला चिडत नाहीत. ते म्हणाले, “ते जीव वाचवायला गेले होते. हे डॉलरसाठी गेले. दोन्हीला एका मापानं मोजू नकोस.”

मुद्दा बिनतोड होता. जिवासाठी धावणारा आणि पैशासाठी धावणारा यांत फरक आहेच. पण मधे पोट नावाची एक जागा आहे आणि तिथं माप जरा डगमगतं. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणजे हिशोबात दोन माणसं नसतातच, एक हत्यार असतं. हे लोक जीव वाचवायला जातात की पैशासाठी? जो तो आपल्या पोटाच्या भरलेपणानुसार उत्तर देईल.

“पण 40-50 लाख रुपये एजंटाला देणारा भुकेला कसा?” मुद्रांक विक्रेत्यांनी मुद्दा काढला, आणि तोही खोटा नव्हता. वर्तमानपत्रांत तेच आकडे येत होते. तेवढ्या पैशात लोहाऱ्यात दुकान निघेल, वर गाळा भाड्यानं देता येईल. त्या पैशात मिळतं काय, तर देशोदेशी लपतछपत प्रवास, कोलंबिया आणि पनामा यांच्या मधलं दारियेनचं जंगल, मेक्सिकोची वाट आणि शेवटी एक कुंपण. 2022 च्या जानेवारीत गुजरातेतल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, आईबाप आणि दोन लेकरं, कॅनडातून अमेरिकेत पायी जाताना सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर बर्फात गोठून मेलं. थंडी उणे 35 अंशांच्या आसपास होती. आमच्याकडे पारा दहावर आला, की आम्ही कान बांधून शेकोटी पेटवतो.

तेव्हा ही भूक नव्हे, हे मान्य. ही आशा आहे. आणि भुकेला आपल्याकडे जो मान आहे, तो आशेला नाही. भुकेल्याला आपण भाकरी देतो. आशाळभूताला हाकलतो. शब्दच बघा ना, आशेचा माणूस केला की तो ‘आशाळभूत’ होतो, भुताच्या जातीचा. पण हीच आशा व्हिसाचा शिक्का मारून विमानात बसली, की आपण तिला हार घालतो, तिच्या नावापुढं ‘परदेशगमनाबद्दल अभिनंदन’ असा फलक चौकात लावतो, आणि तिच्यासाठी मुली सांगून येतात. दोघांच्या मनात इच्छा तीच. फरक पडतो तो गुणपत्रिकेचा, बापाच्या बँकेतल्या शिलकीचा आणि थोडाफार नशिबाचा. आपल्या सरकारलाही हे ठाऊक आहे. दहावी पास झालेला नसाल आणि आखाती देशांत कामाला जायचं असेल, तर आधी सरकारी मंजुरी लागते. हेतू चांगला आहे, अडाणी माणसाला कुणी फसवू नये. पण त्यामुळे एवढं मात्र नक्की होतं, की जगाचे दरवाजे सगळ्यांना सारख्याच जोरानं ढकलावे लागत नाहीत. काहींना नुसती फुंकर पुरते.

दुसरा प्रश्न सोपा आहे. परत पाठवायचा हक्क अमेरिकेला आहे का? आहे. परराष्ट्रमंत्र्यांनी तेच सांगितलं, की आपले नागरिक बेकायदा राहत असतील, तर त्यांना परत घेणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे, आणि हे काही नवं नाही. त्यांनी वर्षवार आकडे दिले. 2009 मध्ये 734, 2019 मध्ये 2042, 2024 मध्ये 1368. ही 104 माणसं धरून 2009 पासून एकूण 15,668. म्हणजे सोळा वर्षं माणसं परत येत होती आणि आपल्या हॉटेलात त्यावर अर्धा कप चहासुद्धा खर्ची पडला नव्हता. बेड्या दिसल्या तेव्हा आपल्याला ती माणसं दिसली. विमानात बांधून ठेवण्याची ही पद्धतही 2012 पासून चालत आलेली आहे आणि बायका-मुलांना बांधत नाहीत असं तिथल्या खात्यानं कळवलं आहे, असंही निवेदनात होतं.

इथं आडते विजयी मुद्रेनं म्हणाले, “बगा! नियमच हाय. मग कशाला बोंब मारायलाव?”

हा तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. एखादी गोष्ट नियमानं होते, एवढ्यानं ती योग्य होते का? सासूरवासही घरच्या नियमानंच होत असे. परत पाठवणं म्हणजे माणसाला दारापर्यंत नेऊन सोडणं. त्याला बांधणं, आणि बांधलेल्या माणसाची चित्रं जगभर दाखवणं, हा दारापर्यंत नेण्याचा भाग नाही. तो वरचा आहेर आहे. त्याच सुमाराला, 2025 च्या जानेवारीच्या शेवटी, कोलंबियानं आपल्या माणसांना घेऊन येणारी अमेरिकी लष्करी विमानं उतरू द्यायला नकार दिला. मोठी ओढाताण झाली, जकात वाढवण्याच्या धमक्या झाल्या, कोलंबियाला बरंच नमावंही लागलं. पण शेवटी त्यानं स्वतःची विमानं पाठवली आणि आपली माणसं मोकळ्या हातांनी घरी आणली. माणसं परतच आली. अमेरिकेचा कायदाही पाळला गेला आणि माणसांची अब्रूही राहिली. तेव्हा या दोन्ही गोष्टी एका विमानात बसू शकतात. जागेची अडचण नाही.

म्हणजे हद्दी दोन आहेत. एक जमिनीवरची. ती ओलांडणाऱ्याला अडवायचं आणि परत पाठवायचं. दुसरी, परत पाठवणाऱ्याच्या वागण्याची. ती ओलांडणाऱ्याला कोण अडवणार? तिच्यावर चौकी नाही, कुंपण नाही. तिथं पहारा असतो तो फक्त बघणाऱ्यांच्या लाजेचा.

मोबाइलवाल्याला हे फार पटलं. “म्हंजे अमेरिकेला लाज नाई,” असं सार त्यानं काढलं. मलाही आधी तेच सार बरं वाटलं होतं. दूरच्या माणसाची लाज काढायला खर्च येत नाही. पण चारच महिन्यांनी परीक्षा आपल्या अंगणात आली. 2025 च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूला मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही लोकांना बांगलादेशी समजून धरण्यात आलं आणि सीमेपलीकडे ढकलून देण्यात आलं. घरच्यांनी कागदपत्रं पुढं केली, पश्चिम बंगालच्या सरकारनं धावाधाव केली, तेव्हा ते परत आले. म्हणजे इथला माणूस इथूनच हद्दपार झाला, केवळ त्याच्या तोंडची भाषा आमच्या ओळखीची नव्हती म्हणून.

मी ही बातमी पूर्ण पीठापुढं वाचली. कुणी ‘हद्द झाली’ म्हणालं नाही. मोबाइलवाला फोनच्या पडद्यात डोकं घालून बसला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “ते वेगळं.”

‘ते वेगळं’ हे मराठीतलं सगळ्यात लहान नीतिशास्त्र आहे. दोन शब्दांत पूर्ण. आपल्या पोराला कुणी मारलं तर अन्याय. आपल्या पोरानं कुणाला मारलं, तर ते वेगळं. अमृतसरला उतरलेल्या साखळ्या आपल्याला टोचल्या कारण त्यांत आपले पाय होते. लाजेचा पहारा आपण फक्त स्वतःच्या पायांपुरता ठेवला असेल, तर दुसऱ्यांच्या दारात तो मागायचा कुठल्या तोंडानं?

कागद हवेत, हे खरंच. कागदाशिवाय राज्य चालत नाही आणि मुद्रांक विक्रेत्यांचं घरही चालत नाही. पण कागदाचा भरवसा किती, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आज आमच्या तालुक्यात असलेलं सास्तूर त्यात जमीनदोस्त झालं. सगळ्या भागात मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. सातबारे, रेशनकार्डं, शाळेचे दाखले, सगळं दगडमातीखाली. उरलेला माणूस कोण आहे, हे सांगायला त्याच्यापाशी कागद नव्हता. हा अमक्याचा थोरला, ही तमक्याची सून, असं सांगणारा शेजारी होता. आणि देशभरातून, परदेशांतून मदतीला जे लोक आले, त्यांना तरी आम्ही कुठं रहिवासी दाखला विचारला? त्या सकाळी ढिगाऱ्यातून हात दिसला की तो ओढायचा, एवढा एकच नियम होता.

मी हे बोललो आणि आमच्या न्यायालयात शांतता पसरली. ती हॉटेलमालकानं मोडली. इतके दिवस तो नुसता ऐकत होता. “मला एक सांगा,” तो म्हणाला, “त्यातलं एखादं पोरगं घरी गेलं आसंल. त्यानं एजंटाला दिलेलं पैसं परत मिळत्यात का हो?”

“कशाचे मिळतात,” मुद्रांक विक्रेते म्हणाले. “जमीन विकली असणार. खरेदीखत झालेलं असणार. विमान परत येतं. सातबारा परत येत नसतो.”

“अन् वरनं काढलेलं कर्ज?”

“ते आहेच.”

आडते खाली मान घालून बशीतला चहा बघत होते. ‘बरं झालं’ पक्षाचे ते संस्थापक. आयुष्यभर शेतकऱ्यांची पट्टी केलेली, उचल दिलेली, वसूलही केलेली. दुसऱ्याच्या कर्जाचं ओझं नुसत्या अंदाजानं तोलणारा असा माणूस तालुक्यात नाही. ते मनाशीच बोलल्यासारखं म्हणाले, “शेकडा दोननं धरलं तरी म्हैन्याला लाखाच्या घरात जातंय की हो. कसं फेडंल ते लेकरू?”

त्या माणसांबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि ‘लेकरू’ हा शब्द त्यांच्या वहीत जमेच्या बाजूला मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

मग ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि गल्ल्यावर जाऊन पूर्ण पीठाच्या चहाचे पैसे देऊन बाहेर पडले. लोहाऱ्यात आजवर असं कधी घडलेलं नव्हतं. हॉटेलमालक कितीतरी वेळ हातातल्या नोटेकडे बघत राहिला.

“हद्द झाली!” तो म्हणाला.